स्त्रियांची आरोग्य-तपासणी आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी रसायनी येथे महिला शाखेतर्फे झालेले भाषण)



वार्षिक संमेलनात महिला शाखेने आपले चार शब्द सांगावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आजवर आम्ही पाककला, बालसंगोपन, गृहोद्योग अशा विषयांवर आपला वेळ घेतला आणि आपणही तो कौतुकाने दिलात. आजचा विषय मात्र चारचौघांत काढण्यासारखा नव्हे, असे काही वडीलधाऱ्यांनी आम्हांस आधीच सुचविले होते. त्यांच्या वयाचा पूर्ण मान राखून आम्ही तो मांडीत आहोत. कारण चारचौघांत न बोलल्याने काय घडते, हे आम्ही आपल्याच घरांतून पाहिले आहे.

रसायनीच्या माणसाला तपासणी म्हणजे काय, हे समजावून सांगण्याचे कारण नाही. पाताळगंगेच्या काठचा हा परिसर नावाप्रमाणेच रसायनांवर उभा राहिला. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ह्या सरकारी कंपनीचा कारखाना येथे आला, इतरही कारखाने आले आणि मोहोपाड्याच्या आसपास गावोगावची कुटुंबे येऊन वसली. आपल्या ज्ञातीतील कित्येक संसार त्या पगारावर उभे राहिले, मुले शिकली, घरे बांधली गेली. २०१७ साली केंद्र सरकारने त्या कारखान्याचे येथील तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला आणि एक पर्व संपले. परंतु त्या पिढीने अंगी बाणवलेली शिस्त आपण विसरलो नाही. वर्षाकाठी कारखान्यात ‘शटडाऊन’ घेतला जाई, हे येथील पोरासोरांनाही ठाऊक असे. धडधाकट चालणारी यंत्रे मुद्दाम थांबवायची, बॉयलर उघडून आतून पाहावयाचा, गंजलेली नळी फुटण्याआधीच बदलावयाची. बंद पडल्यावर दुरुस्त करणे हा नाइलाज. चालू असताना तपासणे हे शहाणपण.

यंत्राची गोष्ट सोडा. धोक्याच्या प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराची नेमणुकीपूर्वी आणि पुढे दर वर्षी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, अशी तरतूद कारखान्यांच्या कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने करण्यात आली. म्हणजे यंत्राची तपासणी झाली, यंत्रावरील पुरुषाचीही झाली. त्याला पहाटे उठून डबा करून देणाऱ्या गृहिणीची तपासणी मात्र कोणत्याच वहीत नोंदली गेली नाही. तिच्यासाठी कायदा नव्हता, हे खरे. पण आपल्या घरालाही त्याची आठवण झाली नाही, हे अधिक खरे.

आता आम्ही जी हकीकत सांगणार आहोत, तिच्यात आमचाच दोष आहे. म्हणून ती सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे, असे समजतो. आपल्यातील एक भगिनी ऐन चाळिशीत विधवा झाली आणि रसायनीस भावाच्या आश्रयाने राहू लागली. भाचरांचे सर्व तिने केले. वयाच्या पन्नाशीनंतर पाळी जाऊन दोन-तीन वर्षे लोटली असता तिच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागले. हे सांगावयाचे कोणाला? भावाला सांगण्याची सोय नाही. भावजयीस सांगावे तर खर्चाचे ओझे. आणि सर्वांत मोठे भय म्हणजे, नवरा नसलेल्या बाईस हे असे का होते, ही कुजबुज. तिने जवळजवळ वर्षभर जुनी लुगडी फाडून फाडून निभावले. पुढे कंबर धरली, चालवेना, तेव्हा तिला परळास नेले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बराच पसरला होता. डॉक्टरांनी शक्य ते सर्व केले; ती वाचली नाही.

ह्यात आमचा दोष कोणता? त्या वर्षी संक्रांतीस महिला शाखेने थाटाचे हळदीकुंकू केले होते. त्याला जोडून एका डॉक्टरीणबाईंचे स्त्री-आरोग्यावर व्याख्यान ठेवले होते. पाळी गेल्यावर एकदाही रक्तस्राव झाला तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा, असे बाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितले. सभागृह भरलेले होते. परंतु जिने ते ऐकावयास हवे होते, तिला आमंत्रणच नव्हते. कारण ते हळदीकुंकू होते. आम्ही तिला वगळले, असे आमच्या मनातही आले नाही. रूढीने ते काम आमच्यासाठी परस्पर करून टाकले होते.

असो. ह्या दुःखाला उपाय होता काय, हे पाहण्यासाठी आम्ही माहिती मिळविली, जाणत्यांस विचारले. जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

हा रोग एकाएकी येत नाही. एका विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला, तर गर्भाशयाच्या मुखावर हळूहळू बदल होऊ लागतात. त्या बदलांचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. विषाणूचा हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की, संसारी स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांना तो केव्हा ना केव्हा गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप नाहीसाही होतो. तेव्हा ह्या रोगाचा चारित्र्याशी संबंध जोडणे हे अज्ञान तर आहेच, पण ते पापही आहे. सांगावयाचा मुद्दा असा की, दैवाने आपणांस दहा वर्षांची मुदत दिलेली असते. ती आपण लाजेत घालवितो. भारतात २०२२ ह्या एका वर्षात सुमारे ८० हजार स्त्रिया ह्या रोगाने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे.

ही मुदत उपयोगात कशी आणावी, ह्याचा धडा जगाला ज्या ठिकाणांनी दिला, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. देशातील अशा प्रकारची ती पहिली ग्रामीण नोंदणी होय. कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांना गोळा करून रोगाची लक्षणे सांगत आणि शंका आलेल्या स्त्रीस रुग्णालयात येण्याचा आग्रह करीत. कोणतेही नवे यंत्र नव्हते, होता तो केवळ शब्द. काही वर्षांतच असे दिसले की, रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले आहे. बोलण्याने प्राण वाचण्याची वाट मोकळी होते, हे बार्शीने दाखविले.

पुढे १९९९ पासून, ज्यास आता धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबाद जिल्ह्यात ह्याच मंडळींनी टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या साह्याने मोठा प्रयोग केला. खेड्यापाड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे चार गट केले होते. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटास विषाणू ओळखणारी तपासणी केवळ एकदा देऊ केली, त्या गटात आठ वर्षांत ह्या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटास केवळ नेहमीची सोय उपलब्ध होती, त्यात ६४ झाले. आयुष्यातील एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, ह्यावर पुढे टीकाही झाली आणि ती विचार करण्यासारखी आहे. त्या अनाम स्त्रियांचे आपल्या लेकीसुनांवर ऋण आहे. त्यांच्या जिवावर मिळालेले ज्ञान आपण वापरू नये, ह्याहून मोठी कृतघ्नता कोणती?

ह्याच जिल्ह्यातील आणखी एक गोष्ट आमच्या काळजाला भिडली. घरोघर बोलावणे करूनही सर्व स्त्रिया आल्या नाहीत. पाचांतील सुमारे चार आल्या, एक राहिली. ती राहिलेली कोण होती? संशोधकांनी पाहिले, तो आलेल्या स्त्रियांत तरुण, शिकलेल्या, नवरा हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण अधिक. मागे राहिलेल्यांत वयस्क, अशिक्षित आणि एकट्या स्त्रियांचे. म्हणजे आमची भगिनी तेथेही मागेच राहिली असती!

मुंबईच्या झोपडवस्त्यांतून टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दुसरा प्रयोग केला. तेथे गर्भाशयाच्या मुखास सौम्य केलेले व्हिनेगर लावून पाहण्याची साधी पद्धत वापरली. विकृत भाग असल्यास तो मिनिटाभरात पांढुरका दिसू लागतो. हे काम पदवीधर डॉक्टरांनी नव्हे, तर काही आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केले. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ह्या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने घटले. उस्मानाबादेस हीच व्हिनेगरची तपासणी एकदाच केली असता असा स्पष्ट लाभ दिसला नव्हता. ह्यावरून आपण एक बोध घ्यावा: एक दिवस शिबीर भरविले, फीत कापली, स्मरणिकेत छायाचित्र छापले, एवढ्याने काम होत नाही. शटडाऊनप्रमाणे तपासणीही ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा यावी लागते.

स्तनांच्या कर्करोगासंबंधीही मुंबईतील ह्याच कार्यातून २०२१ साली असे कळले की, शिकविलेल्या सेविकेने दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली तरी पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास घटते. त्याहून लहान वयात तसा लाभ सिद्ध झाला नाही. तरीही वय कोणतेही असो, न दुखणारी गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त किंवा कातडीस पडलेली खळी ह्यांपैकी काही दिसले, तर थांबू नये. दुखत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही, असे आपल्या बायका म्हणतात. गाठ न दुखणे हे निर्धास्त राहण्याचे कारण नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे? शासनाच्या धोरणानुसार तिशी ओलांडलेल्या स्त्रीची गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड ह्यांची तपासणी व्हावयाची असते. गर्भाशयमुखाची साधारणपणे दर पाच वर्षांनी. त्यासोबत रक्तदाब आणि रक्तातील साखर पाहतात. तोंडाची तपासणी कशाला, असे विचारणाऱ्या भगिनींनी आपली मशेरीची डबी आठवावी. सिगारेट ओढणाऱ्या मुलास आपण रागे भरतो; सकाळ-संध्याकाळ दातांस लावलेली मशेरी ही तंबाखूच आहे, हे मात्र सोयिस्करपणे विसरतो. तोंडात पांढरा-लाल चट्टा, बरी न होणारी जखम किंवा तोंड पुरते न उघडणे ही दाखविण्यासारखी लक्षणे होत.

आणि रक्तक्षयासंबंधी काय बोलावे! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले तर तो रक्तक्षय समजावा. थकवा, धाप, चक्कर ह्यांना आपण ‘बायकांचे चालायचेच’ असे म्हणून टाकतो. सर्वांची पाने वाढून झाल्यावर भांड्यात उरेल त्यावर जी जेवते, तिच्या रक्तात काय उतरणार? हा रोग रक्ताचा खरा, पण त्याचे मूळ पंगतीच्या क्रमात आहे.

त्याच पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया शेकडा दोनही भरल्या नाहीत. स्तनांची तपासणी झालेल्या शेकडा एकही नाही. सोयी मुळीच नाहीत म्हणून हे घडते, असे आपल्यापुरते तरी म्हणता येणार नाही. चौक येथे ग्रामीण रुग्णालय आहे, कर्जतेस उपजिल्हा रुग्णालय आहे, गावोगाव आशाताई आहेत. कोणती तपासणी कोठे आणि कोणत्या वारी होते, हे आशाताईंस विचारूनच निघावे, म्हणजे खेप फुकट जात नाही. पुढील उपचारांसाठी पनवेलपलीकडे खारघरास टाटा केंद्राचीच संस्था आहे. राज्य शासनाने २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान काढले; २०२५ साली केंद्राचे ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झाले. दार उघडे आहे. उंबरा आपल्या घराचा आहे, आणि तो ओलांडणे अवघड जाते.

आम्ही घरोघर गेलो, तेव्हा जे आक्षेप ऐकू आले, त्यांचा येथेच परामर्श घेतो. पहिला आक्षेप असा की, तपासणीत काही निघाले तर डॉक्टर पिशवीच काढतील. हे भय निराधार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीच्या मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि शासनास चौकशी समिती नेमावी लागली. परंतु तपासणीत दोष आढळणे म्हणजे कर्करोग नव्हे. अशा वेळी मोठे करून दाखविणाऱ्या भिंगाने पुन्हा पाहतात, जरूर तर तुकडा तपासतात. आणि आरंभीचा दोष गोठवून किंवा उष्णता देऊन थोड्या वेळात नाहीसा करता येतो. पिशवी जागच्या जागी राहते. वेळीच केलेली तपासणी ही मोठी शस्त्रक्रिया टाळण्याचाच मार्ग होय. आणि कोणी घाईने पिशवी काढावयास सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. शासकीय केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. उलट हजारो रुपये घेऊन पन्नास चाचण्यांची यादी हाती ठेवणाऱ्या जाहिरातींस भुलण्याचे कारण नाही. आम्ही सांगितल्या त्या थोड्या तपासण्या वेळेवर होणे, हे न लागणाऱ्या पुष्कळ तपासण्यांहून श्रेयस्कर.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलले नाही; तो आम्हांस दाराआड, हळू आवाजात सांगण्यात आला. “बाई, मंडळाला कळले की गावाला कळले. माझी मुलगी लग्नाची आहे.” बंधुभगिनींनो, हा आक्षेप आपल्या मंडळाचा आहे. आपण एकमेकांस ओळखतो, सुखदुःखाला धावून जातो, हे आपले भूषण. पण एकमेकांच्या घरातील गोष्टी सोयरिकीच्या बैठकीत मांडतो, हा आपलाच कलंक. आईस कर्करोग झाला एवढ्यावरून मुलीचे स्थळ नाकारल्याची उदाहरणे आपणांस ठाऊक नाहीत काय? गर्भाशयमुखाचा हा रोग आईकडून लेकीला वारशाने मिळत नाही. स्तनांच्या कर्करोगात थोड्या घराण्यांपुरता वारशाचा भाग असतो; पण तेथेही उपाय लवकर तपासण्याचा आहे, लपविण्याचा नव्हे.

म्हणून महिला शाखेच्या वतीने आम्ही मंडळापुढे पुढील विनंत्या ठेवतो.

पहिली, मंडळाने कोणाही स्त्रीच्या तपासणीचा निष्कर्ष विचारू नये, लिहू नये, छापू नये. तपासणीचा कागद त्या स्त्रीच्या हाती राहील. वधूवर-नोंदणीच्या पत्रकात आईच्या आजारपणाची चौकशी कधीही येऊ नये.

दुसरी, स्त्री-आरोग्याचा कोणताही कार्यक्रम ह्यापुढे हळदीकुंकवास जोडू नये. आमंत्रण तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीस नावाने जावे: सवाष्ण, विधवा, परित्यक्ता, अविवाहित असा भेद न करता. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या खेड्याच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांच्या वाट्याला येणाऱ्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्यास जे जमले, ते आपणांस जमू नये काय?

तिसरी, वैद्यकीय साहाय्य निधीतून आजवर आपण उपचारास मदत करीत आलो. त्यातील काही भाग तपासणीसाठी जाण्यायेण्याच्या भाड्यास आणि सोबतीस राखून ठेवावा. परळाच्या किंवा खारघरच्या वाटेवर पुष्कळ स्त्रिया पैशावाचून अडत नाहीत, सोबतीवाचून अडतात. ती सोबत करण्यास महिला शाखा तयार आहे.

चौथी विनंती पुरुषमंडळींस. कृपा करून आपल्या पत्नीस “तू जाऊन ये” असे सांगू नका. रजा घ्या आणि तिला घेऊन जा. आई, सासू, घरी असलेली आत्या, विधवा बहीण ह्यांची आठवण ठेवा. त्या स्वतः होऊन मागणार नाहीत.

आणि पाचवी विनंती मातांस. ह्या विषाणूस प्रतिबंध करणारी लस आता उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस २०२३ च्या जानेवारीत आली. ९ ते १४ हे तिच्यासाठी योग्य वय मानतात. आपल्या डॉक्टरांशी बोलून मुलींचा विचार वेळीच करावा. मात्र लस घेतलेल्या मुलीचीही पुढे योग्य वयात तपासणी व्हावयास हवी.

आमची ती भगिनी गेली तेव्हा मंडळाने शोकप्रस्ताव केला. तो स्मरणिकेत छापला, तिच्या कष्टाळू स्वभावाचे चार शब्द त्यात होते आणि ते सर्व खरे होते. परंतु ती जिवंत असताना “तुला बरे नाही का गं?” एवढे विचारणारी एक जरी बाई आमच्यात निघाली असती, तर त्या प्रस्तावाची इतक्या लवकर गरज पडली नसती. आज आपण घरी जाल, तेव्हा आपल्या घरातील सर्वांत कमी बोलणाऱ्या स्त्रीस एवढा एक प्रश्न विचारा आणि तिचे उत्तर येईपर्यंत तेथेच बसा.